पडद्यावर नसलेला सिनेमा

रिळांच्या जमान्यात दोन तासांचा सिनेमा बघून बाहेर पडणारा माणूस त्यातला जवळपास एक तास मिट्ट काळोख बघून आलेला असायचा. थिएटरातले दिवे मालवतात तो काळोख वेगळा. इथे गोष्ट आहे खुद्द पडद्यावरच्या काळोखाची. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग वाहत नाही. एक चौकट भिंगासमोर येऊन थांबते, उजळते, मग झटक्यात खाली ओढली जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. सेकंदाला अशा २४ चौकटी. सरकती चौकट दिसली तर पडद्यावर नुसते फराटे उमटतील, म्हणून तेवढ्या वेळात शटरचं पातं प्रकाश अडवून धरतं. पण सेकंदाला २४ वेळाच उघडझाप झाली तर डोळ्यांना लुकलुक जाणवते. म्हणून चौकट जागेवर स्थिर असतानाही ते पातं आणखी एकदा आडवं जातं. एका सेकंदात ४८ वेळा उजेड आणि ४८ वेळा अंधार, आणि दोघांचा वाटा जवळजवळ सारखा.

हा अंधार कधी कुणाला दिसला नाही. औरंगाबादच्या अंजली, सादिया, अंबा-अप्सरा या थिएटरांत शिट्ट्या मारणाऱ्यांना दिसला नाही, की पहिल्या रांगेत माना वर करून बसलेल्या पोरांनाही नाही. पडद्यावर नायकाचा घोडा बेफाम धावत राहिला. फिल्मवर मात्र घोडा कधी धावलाच नव्हता, तिथे एकाखाली एक छापलेले ठप्प उभे घोडे होते. माक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये प्रयोगानं दाखवून दिलं, की शेजारशेजारच्या दोन स्थिर रेषा ठरावीक अंतरानं आळीपाळीनं चमकवल्या, तर बघणाऱ्याला एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसते. ती सरक कागदावर नसते, बघणारा ती तयार करतो. घोड्याची धावही तशीच, प्रेक्षकाच्या घरची.

आता मल्टिप्लेक्समध्ये रिळं नाहीत, शटर नाही, तो अंधारही गेला. पण सिनेमाची मूळ खोड गेलेली नाही. तो काही दाखवतो, काही गाळतो, आणि गाळलेलं आपल्याकडून भरून घेतो. दोन दृश्यांमधला वेळ आपण भरतो, कॅमेऱ्याच्या कडेबाहेरचं गाव आपण उभं करतो, न बोललेलं वाक्य आपण ऐकतो. काही सिनेमे पार्किंगपर्यंत पोचेतो विसरले जातात आणि काही वीस वर्षं डोक्यात मुक्काम ठोकून बसतात, याचं रहस्य बहुतेक या भरलेल्या जागांतच आहे.

याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, थंडीच्या दिवसांत अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा याचा पडताळा फुकटात घेता येतो. प्रोझोन मॉलमधल्या आयनॉक्सच्या कॉरिडॉरमध्ये, एक पडदा सुटलेला आणि दुसऱ्यासमोर रांग लागलेली अशा वेळी, नुसते कान उघडे ठेवून उभं राहायचं. ‘तो बघितलास का?’ ‘काय आहे त्यात?’ या प्रश्नाला कथानक सांगणारा क्वचितच भेटतो. कुणी हातवारे करून एक म्हातारी दाराशी कशी उभी राहते ते दाखवतो. कुणी म्हणतो, ‘शेवटी ती बस निघून जाते ना, ते बघच.’ दोन तासांच्या ऐवजातून शिफारशीला उरतं ते एखादं दृश्य, तेही बरेचदा असं, की ज्यात फारसं काही घडतच नाही.

या महोत्सवानं आपल्या पुरस्कारांची नावं लेण्यांवरून घेतली आहेत. स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाला सुवर्ण कैलास आणि जीवनगौरवाला पद्मपाणी. २०२४ मध्ये पद्मपाणी जावेद अख्तर यांना मिळाला, २०२५ च्या दहाव्या महोत्सवात सई परांजपे यांना. नावं देताना अभिमानाचा भाग असणारच, पण ती मोठी चपखल बसली आहेत. कारण दाखवणं आणि गाळणं यांचा सगळा हिशेब इथून फुलंब्री-सिल्लोडमार्गे शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याला वाघूर नदीच्या वळणातल्या कातळावर, दीड हजार वर्षांपूर्वी मांडून झालेला आहे.

सतरा क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत उभे राहा. दाराच्या डाव्या हाताला, वर, एका मंडपात राजपुत्र आणि त्याची पत्नी खेटून बसलेली आहेत. ती त्याच्यावर रेललेली. शेजारीच, मधे एकही रेघ न ओढता, तेच दोघे छत्रीखाली चालत निघालेले दिसतात. ही विश्वंतराची गोष्ट समजली जाते. कुणी मागितलं की देऊन टाकणारा हा राजपुत्र. पाऊस पाडणारा राज्याचा पांढरा हत्तीही त्यानं देऊन टाकला, म्हणून प्रजा चिडली आणि त्याला वनवास घडला. पुढे तो रथ देतो, घोडे देतो, पोटची मुलं देतो. आत, मंडपाच्या भिंतीवर मुलं मागून नेणारा जूजक ब्राह्मण आहे. दात विचकलेला, बोकडदाढीचा, मुलांच्या बदल्यात पैसे घेताना.

चित्रकारानं एकाच भिंतीवर एकाच माणसाला दोनदा, चारदा काढलं आहे आणि कुठेही ‘नंतर’ असं लिहिलेलं नाही. एक खांब आला की घर बदललं, दरवाजा आला की गाव मागे पडलं, शेजारच्या प्रसंगातलं कुणी मान वळवून पलीकडे बघतंय म्हणजे नजर तिकडे न्यायची. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी या भिंती वर्षानुवर्षं वाचल्या. त्यांच्या लक्षात आलं, की पुष्कळ ठिकाणी प्रसंग काळाच्या क्रमानं लावलेलेच नाहीत, ते जागेनुसार लावले आहेत. राजवाड्यात घडलेलं सगळं एकीकडे, अरण्यात घडलेलं सगळं दुसरीकडे, मग गोष्टीत त्यांच्यामध्ये कितीही वर्षं जावोत. क्रम लावायचं काम बघणाऱ्याचं. आजचा संकलक टेबलावर बसून जे करतो ते अजिंठ्यात भाविक पायांनी करत होता. इकडून तिकडे, पुन्हा मागे, हातातल्या दिव्याच्या उजेडात जेवढं दिसेल तेवढं जोडत.

या बघणाऱ्यांना गोष्ट आधीच ठाऊक होती, हेही ध्यानात घेण्यासारखं आहे. जातककथा ऐकूनच लोक आत येत. विश्वंतराला शेवटी सगळं परत मिळणार, हे गुपित नव्हतंच. तरी ते बघत उभे राहत. आज सिनेमाचा शेवट कुणी फोडला तर आपण त्याच्याशी बोलणं टाकतो. अमेरिकेतल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी २०११ मध्ये वाचकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट कळलेल्यांना त्या कथा सरासरी थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसंच निघालेलं नाही, पण एवढं खरं, की ‘काय होणार’ ही धास्ती गेली की लक्ष ‘कसं होतंय’ याकडे मोकळं होतं.

‘बघच’ म्हणून सांगावा असा एक सिनेमा म्हणूनच ‘संत तुकाराम’. प्रभातचा, १९३६ चा, दामले आणि फत्तेलाल यांचा. तुकोबा वैकुंठाला जाणार हे मराठी मुलखात कुणाला ठाऊक नव्हतं? तरी मुंबईत तो पन्नासपेक्षा जास्त आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम शांत, जवळजवळ हललेलाच नाही असा. हलते ती जिजाई. पोर तापानं फणफणलेलं बघून ती वहाण काढते आणि विठ्ठलाला जाब विचारायला देवळात निघते, तेव्हा चमत्कारांनी भरलेल्या सिनेमात अचानक चुलीचा धूर येतो. देव भेटलेला नवरा आणि रिकामा डबा यांच्यात उभी असलेली ही बाई. सिनेमा तिची चूक काढत नाही आणि तुकोबांचीही नाही. निवाडा आपल्या गळ्यात घालून तो मोकळा होतो. तुकोबा गेले, जिजाई मागे राहिली. तिचं पुढे काय झालं, हा प्रश्न घेऊन लोक थिएटराबाहेर पडत आले आहेत, त्याला आता नव्वद वर्षं होतील.

गाळलेली जागा आपण कशानं भरतो, याचा सगळ्यात गाजलेला दाखला रशियातला. १९२० च्या आसपास लेव कुलेशोव यानं मोझ्झुखिन या नटाचा एक निर्विकार चेहरा घेतला. त्याला एकदा सूपची थाळी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. लोकांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. भूक काय दाखवलीय, दुःख काय, अभिलाषा काय! चेहरा तिन्ही वेळा तोच होता. ती फिल्म आज शिल्लक नाही, तिची हकीकत कुलेशोवचा विद्यार्थी पुदोवकिन याच्या लिखाणातून राहिली. पण प्रत्येक संकलक त्या धड्यावरच पोट भरतो. आधी काय बघितलं, यावर आता काय दिसतं ते ठरतं.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ या एका धड्यावर उभा आहे. कोकणातल्या एका खेड्यातून आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात. परशुरामला डोळ्यांचा कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळेचा परशुराम. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा पोराला इस्पितळातून गुपचूप बाहेर काढतात आणि शहर दाखवत हिंडवतात. त्यानंतर पडद्यावर जे दिसतं त्यात एरवी काय आहे? रस्ता, गर्दी, खेळणी, माणसं. संध्याकाळी भाजी आणायला गेलेला माणूस रोज हे बघतो आणि घरी येऊन आठवतही नाही. पण आपल्याला एक गोष्ट सांगून ठेवलेली आहे: हे सगळं तो शेवटचं बघतोय. एवढ्या एका माहितीनं रिक्षाचा पिवळा रंगही सोसवेनासा होतो. दिग्दर्शकानं रंग भडक केलेला नाही, तो आपण केला. ‘श्यामची आई’ला १९५४ साली, म्हणजे राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान मराठीकडे थेट ‘श्वास’नं परत आणला. मधे पन्नास वर्षं गेली होती.

आता थोडं डोक्याच्या आत डोकावू. २००४ मध्ये उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच जणांना एकेक करून स्कॅनरमध्ये झोपवलं आणि ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चा अर्धा तास दाखवला. प्रत्येक जण एकेकटा बघत असला तरी त्यांच्या मेंदूचे मोठाले भाग एकाच तालावर वरखाली होत होते. पुढे त्यांनी निरनिराळ्या तुकड्यांची तुलना केली. हिचकॉकच्या एका दूरचित्रवाणी-कथेनं बघणाऱ्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागाचा ६५ टक्के भाग एका तालात आणला. एका विनोदी मालिकेनं १८ टक्के. आणि न्यूयॉर्कच्या एका बागेत नुसता कॅमेरा लावून, न कापता घेतलेल्या दृश्यानं ५ टक्क्यांपेक्षाही कमी. म्हणजे अंधारात पाचशे जण बसले असते, तर त्यांची डोकी हिचकॉकनं जणू एका दोरीनं ओढली असती. एवढ्या अनोळखी लोकांना एकाच क्षणी एकाच जागी बघायला लावणारी दुसरी कुठली कला आहे?

इथे कुणालाही वाटेल, की जो जास्त ओढतो तोच जास्त टिकतो. पण खुद्द हॅसन यांनीच बजावलं आहे, की ही पकड म्हणजे दर्जाचं माप नव्हे. बागेतल्या त्या दृश्यात प्रत्येक जण आपापल्या वाटेनं भटकला, एवढंच त्या आकड्यानं सांगितलं. आणि काही दिग्दर्शकांना नेमकं तेच हवं असतं.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ बघा. २०१४ मध्ये व्हेनिसला तो ओरिझोन्ती विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप असलेले लोकशाहीर नारायण कांबळे आणि त्यांच्यावर रेंगाळणारा खटला. वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी रोवलेला, लांबून बघणारा. न्यायालयात मागच्या बाकावर आपणच बसल्यासारखे. सरकारी वकील बाई दिवसभर माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी कलमं वाचते आणि संध्याकाळी लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णी यांनी ती इतकी साधी उभी केली आहे, की तिचा राग करायचीही सोय राहत नाही. शेवटाजवळ कामकाज संपतं. माणसं निघून जातात, शिपाई दिवे मालवतो, आणि पडदा काळा होतो. तो काळाच राहतो. थिएटरात चुळबुळ सुरू होते, संपला का? संपलेला नसतो. सिनेमा न्यायाधीश साहेबांच्या सहलीवर जातो. तिथे ते बाकावर डुलकी काढत असतात, पोरं ओरडून त्यांना उठवतात, ते एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. संपलं. निकाल? तो आपण द्यायचा, त्या काळ्या पडद्याच्या वेळात.

हा काळा पडदा लांबवण्यामागे दिग्दर्शकाची शैली आहे, तशीच मेंदूची एक सवयही आहे, जी शास्त्रज्ञांना अलीकडे सापडली. आठवणी रचण्यात हिपोकॅम्पस या मेंदूतल्या भागाचं मोठं काम असतं. आया बेन-याकोव्ह आणि यादिन दुदाई यांनी २०११ मध्ये लोकांना काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या. फीत चालू असताना नव्हे, ती संपल्याबरोबर हिपोकॅम्पस उसळला, आणि जिथे तो जास्त उसळला ती फीत नंतर जास्त चांगली आठवली. पुढे २०१८ मध्ये ‘फॉरेस्ट गम्प’सारखा लांब सिनेमा दाखवूनही तेच दिसलं. जिथे एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो असं प्रेक्षकांना वाटत होतं, नेमका तिथेच हा भाग जागा होत होता. त्या शोधनिबंधानं हिपोकॅम्पसला संकलकच म्हटलं आहे. प्रसंग घडत असतो तेव्हा आपण तो जगत असतो, आणि तो संपल्यावरच्या क्षणात त्याचं गाठोडं बांधून आत ठेवतो. गाठोडं बांधायला वेळच दिला नाही तर? एका धक्क्यावर दुसरा, त्यावर तिसरा अशी आतषबाजी करणारे सिनेमे बघताना श्वास रोखला जातो आणि आठवड्यानं त्यातलं काही सांगता येत नाही, त्याचं एक कारण इथे असू शकेल.

नागराज मंजुळे यांना हे अंगानं माहीत असावं. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला तेव्हा थिएटरांतल्या खुर्च्यांच्या मधल्या जागेत लोक नाचले. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत हॉलिवूडमधल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं आणि अडीच तास ते कानांत घुमत राहतं. मग शेवटच्या काही मिनिटांत आवाजच नाहीसा होतो. नायक-नायिकेचं लहानगं पोर शेजारणीबरोबर घरी येतं, आत जातं, आणि उलट पावली बाहेर येतं. फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे. संगीत नाही, किंकाळी नाही. ज्यानं कानाला आवाजाची इतकी चटक लावली त्यानंच तो काढून घेतला, म्हणून ती शांतता ऐकू येते. तेच लोक नाचले होते आणि तेच मान खाली घालून, एकमेकांकडे न बघता जिना उतरले.

मला विचाराल तर ‘सैराट’च्या आधी ‘फँड्री’ बघावा. मंजुळे यांचाच, २०१३ चा. सोमनाथ अवघडेचा जब्या, वर्गातल्या शालूवर जीव टाकणारा, आणि किशोर कदम यांनी उभा केलेला त्याचा बाप कचरू, ज्याला गावानं डुकरं धरायचं काम देऊन ठेवलं आहे. एका प्रसंगात सगळं कुटुंब डुकरामागे धावतंय, गाव मजा बघत उभं, डुक्कर आता हाताला लागणार, आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो. बाकीचे थबकतात. बापही ताठ उभा राहतो. आणि डुक्कर निघून जातं. या एका मिनिटात हसू येतं, ते घशात अडकतं, आणि नेमकं कशाला हसलो याचा शोध घरी जाऊन घ्यावा लागतो. शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. त्याच भिंतीजवळून जब्या आणि त्याची माणसं डुक्कर वाहून नेतात. कुणीही त्या चित्रांकडे बोट दाखवत नाही. शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो, तो थेट आपल्या दिशेनं. तो कुणाला लागला, हे सिनेमा सांगत नाही.

या उलट टोकाचा, दगडाऐवजी फूल ठेवणारा एक सिनेमा इराणचा आहे. अब्बास कियारोस्तमी यांच्या १९८७ मधल्या सिनेमात एक मुलगा मित्राची चुकून आलेली वही परत करायला दुसऱ्या गावी धावत जातो आणि त्याला घर सापडत नाही. एवढीच गोष्ट. वही परत नाही दिली तर मित्राला शाळेतून काढतील, या एका भीतीवर आपण दीड तास पुढे सरकून बसतो. शेवटी मास्तर वही उघडतात. अभ्यास झालेला आहे, आणि पानात वाटेवर मिळालेलं एक छोटं फूल दडपून ठेवलेलं आहे. ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ या नावानं तो शोधता येईल. प्रेक्षकाच्या मनानं पूर्ण करायचा अपुरा सिनेमा, हे कियारोस्तमी यांनी स्वतःच मांडलेलं सूत्र होतं.

भरायची सवय सिनेमा संपल्यावरही जात नाही. हेलन इंट्राउब आणि मायकल रिचर्डसन यांनी १९८९ मध्ये लोकांना छायाचित्रं दाखवून नंतर ती आठवून काढायला सांगितली. लोकांनी चित्रात नसलेलं काढलं. कचऱ्याच्या डब्यांचा फोटो असेल तर चौकटीनं कापलेलं कुंपण पुरं करून टाकलं, डब्याभोवती जास्त जागा दिली. सगळ्याच चित्रांबाबत असं होत नाही, पण अनेकदा आठवण चौकटीपेक्षा ऐसपैस निघते. म्हणून वीस वर्षांनी आवडता सिनेमा पुन्हा लावला की आपण चक्रावतो. ते दृश्य इतकं छोटं होतं? ती म्हणाली होती ना काहीतरी जाताना? ती काही म्हणालीच नव्हती. ते वाक्य आपण घातलं होतं आणि दोन दशकं जपून ठेवलं होतं.

मग ‘हा सिनेमा बघच’ असं आपण सांगतो तेव्हा नेमकं काय पुढे करतो? दिग्दर्शकाचा सिनेमा तर समोरच्याला कुठेही मिळेल. आपण देतो ती आपली भर घातलेली प्रत, आणि ती देता येण्यासारखी नसते. त्यामुळेच जिवापाड केलेल्या शिफारशी पुष्कळदा फसतात. ‘काय एवढं होतं त्यात?’ असा मित्राचा निरोप येतो आणि आपल्याला उगाच अपमान झाल्यासारखं वाटतं. त्यानं रिकाम्या जागा वेगळ्या भरल्या, किंवा त्या दिवशी भरायला त्याच्याकडे काही नव्हतं. ‘श्वास’ पंचविशीत बघणं आणि घरातलं कुणी इस्पितळात असताना बघणं, हे दोन निरनिराळे सिनेमे आहेत.

म्हणून शिफारस करताना ताऱ्यांची संख्या सांगू नये, ‘जबरदस्त’ म्हणू नये, कथानकही पुरं सांगू नये. एक दृश्य सांगावं आणि गप्प बसावं. महोत्सवाच्या रांगेतले लोक नकळत तेच करतात आणि ते बरोबर करतात. आणि बघणाऱ्यानं एक पथ्य पाळावं. शेवटची पाटी आली की मोबाइल उघडू नये. नावं सरकत असतात ती दोन-तीन मिनिटं आपल्या मेंदूच्या बांधाबांधीची असतात. तेवढ्यात तीन निरोप वाचले की गाठोडं अर्धवट सुटतं. घरी बघत असाल तर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करा.

सुरुवात करायचीच तर ‘फँड्री’पासून करा, आठवडाभरानं ‘कोर्ट’ लावा, ‘संत तुकाराम’ घरातल्या सगळ्यात वडील माणसाशेजारी बसून बघा, म्हणजे जिजाईची बाजू घ्यायला कुणीतरी असेल. ‘श्वास’ एकट्यानं बघू नका. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सोबतच्याला एकच प्रश्न विचारा, तुला काय आठवतंय. उत्तरं जुळली नाहीत तर सिनेमा चांगला निघाला असं समजायला हरकत नाही.